अर्थशास्त्र आणि त्याचा सहविषय : पदवी अभ्यासक्रमातील पहिल्या दोन वर्षांचा इतिहास

अर्थशास्त्र हा एकट्याने शिकण्याचा विषय क्वचितच होता. विद्यापीठांच्या इतिहासात तो प्रथम नीतिशास्त्राच्या आश्रयाने आला, नंतर इतिहास व राज्यशास्त्र यांच्या सोबतीने वाढला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गणित व संख्याशास्त्र यांच्याशी त्याचा निकटचा संबंध जडला. अमेरिकेतील महाविद्यालयांत आज अनेक विद्यार्थी अर्थशास्त्राच्या जोडीला दुसराही प्रधान विषय घेऊन पदवी संपादण्याचा विचार करतात. अशा विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की, निर्णय पक्का होण्यापूर्वीच्या दोन वर्षांत कोणते पाठ्यक्रम घ्यावेत? वरवर पाहता हा प्रश्न केवळ वेळापत्रकाचा वाटतो. परंतु तो कसा निर्माण झाला याचा मागोवा घेतला असता असे दिसते की, त्यामागे उच्च शिक्षणातील दोन भिन्न प्रवाह आहेत. एक प्रवाह विद्यार्थ्याच्या निवडस्वातंत्र्याचा. दुसरा विषयाच्या अंतर्गत क्रमबद्धतेचा. हे दोन्ही प्रवाह पदवीच्या अखेरच्या वर्षाकडून पहिल्या वर्षाकडे सरकत आले आणि पहिल्याच वर्षात एकमेकांस भिडले. भारतातही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर दोन प्रधान विषयांची पदवी शक्य झाली असल्यामुळे या इतिहासाकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

१. अखेरच्या वर्षाचा विषय

अ‍ॅडम स्मिथ हा १७५२ ते १७६४ या काळात ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने अर्थशास्त्राचा पाया घातला असे मानले जाते. पण ते शास्त्र त्याने अर्थशास्त्राच्या आसनावर बसून शिकविले नव्हते. न्याय, सद्‌गुण, कायदा आणि व्यापार यांचा विचार एकाच व्याख्यानमालेच्या कक्षेत येत असे. अमेरिकेतील जुन्या महाविद्यालयांनी हीच परंपरा उचलली. ब्राउन विद्यापीठाचे अध्यक्ष फ्रान्सिस वेलंड यांनी १८३५ साली नीतिशास्त्रावर आणि १८३७ साली अर्थशास्त्रावर पाठ्यपुस्तक लिहिले. दोन्ही पुस्तके दीर्घकाळ महाविद्यालयांतून वाचली गेली. हार्वर्डमध्ये १८५३ पासून फ्रान्सिस बोवेन यांच्याकडे जे अध्यासन होते त्याच्या नावात निसर्गसिद्ध धर्म, नीतिशास्त्र आणि राज्यव्यवस्था हे तीन विषय होते. अर्थशास्त्राचे नावही नव्हते. तथापि त्यांनी १८५६ साली अर्थशास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

या व्यवस्थेत अर्थशास्त्र हे बहुधा शेवटच्या वर्षी शिकविले जाई. लॅटिन, ग्रीक, गणित आणि तर्कशास्त्र यांचा ठरीव अभ्यास पूर्ण झाल्यावर विद्यार्थ्याने जगाच्या व्यवहाराकडे वळावे, अशी त्यामागची कल्पना होती. पहिल्या वर्षी काय शिकावे हा प्रश्न कोणासही पडत नसे, कारण त्याचे उत्तर महाविद्यालयाने आधीच दिलेले असे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. निवड नव्हती हे खरे. परंतु त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याचे दार माहितीच्या अभावी बंद होण्याचाही संभव नव्हता. सर्वांनी तेच गणित शिकले, तीच भाषा शिकली, आणि सर्वजण एकाच उंबरठ्यावरून अर्थशास्त्राकडे आले.

२. निवडीचे स्वातंत्र्य खाली उतरते

ही व्यवस्था मोडली ती चार्ल्स विल्यम इलियट यांच्या कारकिर्दीत. इलियट हे १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे हार्वर्डचे अध्यक्ष होते. ऐच्छिक विषयांची पद्धती हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होय. ही पद्धती एका दिवसात आली नाही. ती वरून खाली पायरीपायरीने उतरली. १८७२ साली चौथ्या वर्षाचे सक्तीचे विषय काढून टाकण्यात आले, १८७९ साली तिसऱ्या वर्षाचे आणि १८८४ साली दुसऱ्या वर्षाचे. १८८५ साली पहिल्या वर्षाची सक्तीही बरीच कमी झाली. १८९७ पर्यंत पहिल्या वर्षाचा इंग्रजी निबंधलेखनाचा पाठ्यक्रम तेवढा सर्वांस सक्तीचा उरला होता.

याच काळात अर्थशास्त्रालाही स्वतंत्र स्थान मिळाले. १८७१ साली चार्ल्स डनबर यांची हार्वर्डमध्ये अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. १८८५ साली अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेची स्थापना झाली, आणि १८८६ साली डनबर यांच्या संपादकत्वाखाली हार्वर्डचे अर्थशास्त्रविषयक त्रैमासिक निघू लागले. म्हणजे विषयाची स्वतंत्र ओळख आणि विद्यार्थ्याचे निवडस्वातंत्र्य ही एकाच पिढीची कमाई होती.

स्वातंत्र्याबरोबर त्याचा दोषही दिसू लागला. सोळा पाठ्यक्रम पुरे केले की पदवी मिळते, मग ते एकमेकांशी जुळोत वा न जुळोत, अशी स्थिती आली. अनेक विषयांची प्रवेशिका वाचून एकाही विषयाच्या आत न शिरलेला पदवीधर तयार होऊ लागला. यावर अन्यत्र एक उपाय आधीच योजण्यात आला होता. १८७६ साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रारंभीच्या वर्षांत प्रधान आणि गौण विषय ही परिभाषा रूढ होऊ लागली. डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी प्रथम इंडियाना विद्यापीठात आणि १८९१ पासून स्टॅनफर्डचे पहिले अध्यक्ष या नात्याने प्रत्येक विद्यार्थ्यास एक प्रधान विषय असावा ही रीत रुजविली. विद्यार्थी आज ज्यास ‘मेजर’ म्हणतात ती कल्पना येथून दृढ झाली.

हार्वर्डमध्ये इलियट यांचे उत्तराधिकारी अ‍ॅबट लॉरेन्स लॉवेल यांनी १९१० साली दोन्ही टोकांचा मेळ घातला. सोळा पाठ्यक्रमांपैकी किमान सहा एका क्षेत्रात आणि किमान सहा इतर क्षेत्रांत विभागून घ्यावेत असा नियम झाला. एकाग्रता आणि विस्तार या दोन शब्दांत त्याचे सार सांगता येते. त्या काळी हार्वर्डमध्ये इतिहास, शासनशास्त्र आणि अर्थशास्त्र हे तीन विषय मिळून एकच शाखा होती, आणि अनेक पाठ्यक्रमांचा एकत्रित आढावा घेणारी सर्वसाधारण परीक्षा व तिच्यासाठी व्यक्तिगत मार्गदर्शन यांचा प्रयोग याच शाखेत आधी झाला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी इतिहासाशी अपरिचित राहू शकत नाही, ही गोष्ट तेव्हा गृहीत होती. पुढे एका प्रधान विषयाऐवजी दोन घेण्याची मुभा अनेक महाविद्यालयांनी दिली, ती याच चौकटीच्या आत.

३. इंग्लंडमधील जोडणी आणि मार्शलचा आग्रह

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रीतीने पुढे आला. केंब्रिजमध्ये अर्थशास्त्र हे नीतिशास्त्राच्या ट्रायपॉस परीक्षेचा एक भाग होते. इतिहासाच्या ट्रायपॉसमध्येही त्यास थोडी जागा होती. १८८५ पासून प्राध्यापक असलेल्या अल्फ्रेड मार्शल यांना ही दोन्ही घरे अपुरी वाटत. एका घरात मानसशास्त्र व तर्कशास्त्र यांत वेळ जाई. दुसऱ्या घरात सिद्धान्तास अवकाश नसे. १९०२ साली त्यांनी स्वतंत्र अभ्यासक्रमाची मागणी लेखी स्वरूपात मांडली आणि १९०३ साली अर्थशास्त्राचा ट्रायपॉस अस्तित्वात आला. तथापि मार्शल यांच्या मागणीच्या शीर्षकातच अर्थशास्त्राबरोबर राज्यशास्त्राच्या संलग्न शाखांचा उल्लेख होता. वेगळे घर मागतानाही शेजार सोडावयाचा नव्हता.

ऑक्सफर्डने उलट दिशेने पाऊल टाकले. १९२० साली तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र या तीन विषयांची संयुक्त पदवी तेथे सुरू झाली. अर्थशास्त्राची जोड ही अपवाद न राहता तोच नियम झाला. मात्र या जोडणीत कोणते विषय एकत्र यावेत हे विद्यापीठाने ठरविले होते. अमेरिकन विद्यार्थ्याप्रमाणे ते स्वतः ठरवावे लागत नसे.

मार्शल यांच्या स्वतःच्या शिक्षणाचा क्रम येथे उद्बोधक आहे. १८६५ साली ते केंब्रिजच्या गणित परीक्षेत दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले होते. अर्थशास्त्राकडे ते नंतर वळले. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मुख्य ग्रंथात गणित तळटीपांत व परिशिष्टात ठेवलेले आहे. १९०६ साली बाउली यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी असा सल्ला दिला की, गणिताचा उपयोग विचाराच्या लघुलेखनासारखा करावा, निष्कर्ष साध्या भाषेत उतरवावा, व्यवहारातील उदाहरणांनी तो पारखावा आणि मग गणित बाजूला सारावे. हा सल्ला पुष्कळदा गणिताच्या विरोधात उद्धृत केला जातो. परंतु तो देणारा मनुष्य गणित आधीच शिकून चुकला होता, हे विसरता कामा नये. जे हातात आहे तेच बाजूला ठेवता येते. मार्शल यांचे शिष्य जॉन मेनार्ड केन्स यांचाही मार्ग तसाच होता. १९०५ साली त्यांनी गणिताची परीक्षा बाराव्या क्रमांकाने उत्तीर्ण केली. अर्थशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती.

४. महाराष्ट्रातील पूर्वसूरी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे होते. रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले त्याचा सारा भर एका मुद्द्यावर होता : अर्थशास्त्राचे सिद्धान्त देशकालनिरपेक्ष मानता येत नाहीत. हा विचार इतिहासाच्या अभ्यासातून आलेला आहे. त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले हे १८८४ साली पदवीधर झाले, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले आणि पुढे इतिहास व अर्थशास्त्र याही विषयांकडे वळले. त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक शाळांतून प्रचलित होते. १९०२ साली केंद्रीय विधिमंडळात अर्थसंकल्पावर केलेल्या पहिल्याच भाषणात सरकारी शिलकीचा त्यांनी जो छडा लावला त्यात आकड्यांवरील प्रभुत्व आणि इतिहासाचे भान यांचा संगम दिसतो.

या दृष्टीने सर्वांत पूर्ण उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे होय. १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ पर्यंतच्या तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या पाठ्यक्रमांची गणना उपलब्ध आहे : अर्थशास्त्र २९, इतिहास ११, समाजशास्त्र ६, तत्त्वज्ञान ५, मानववंशशास्त्र ४, राज्यशास्त्र ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी १. हे शिक्षण पदव्युत्तर असल्यामुळे पदवीच्या प्रधान विषयांशी त्याची सरळ तुलना करता येत नाही. तरी त्यातील रचना पाहण्यासारखी आहे. एका विषयात २९ पाठ्यक्रमांची खोली आहे आणि उरलेल्या ३१ पाठ्यक्रमांत भाषांसह सात विषयांचा विस्तार आहे. या विस्ताराची फळे स्पष्ट दिसतात. १९१६ साली गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील आणि १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाले. चलनाचा अभ्यासक आणि जातिव्यवस्थेचा अभ्यासक हे एकाच विद्यार्थ्याच्या वेळापत्रकातून घडले. सहविषय हा अर्थशास्त्राचा अलंकार नसून त्यास नवे प्रश्न पुरविणारा स्रोत असतो, हे या उदाहरणावरून दिसून येते.

५. क्रमबद्धता खाली उतरते

१९३० नंतर अर्थशास्त्राच्या स्वरूपातच मोठा पालट झाला. त्या वर्षी अर्थमिती परिषदेची स्थापना झाली. जान टिनबर्गेन यांनी १९२९ साली लायडेन येथे लिहिलेल्या प्रबंधात भौतिकशास्त्र व अर्थशास्त्र या दोन्हींतील न्यूनतम मूल्यांच्या समस्या एकत्र हाताळल्या होत्या. १९३६ साली केन्स यांचा मुख्य ग्रंथ आला आणि हळूहळू अध्यापनात अंशलक्षी व समग्रलक्षी असे दोन विभाग रूढ झाले. पॉल सॅम्युएलसन यांच्या १९४७ च्या ग्रंथाने आर्थिक सिद्धान्तास गणिताची भाषा दिली, तर १९४८ च्या त्यांच्या पाठ्यपुस्तकाने पहिल्या वर्षाच्या अध्यापनास नवा साचा दिला. केनेथ अ‍ॅरो यांनी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून १९४० साली सामाजिक शास्त्रांची पदवी घेतली होती, पण त्यांचा प्रधान विषय गणित होता. अर्थशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९६९ साली फ्रिश व टिनबर्गेन यांना मिळाले, यातही हाच पालट प्रतिबिंबित झाला आहे.

या पालटाचा अभ्यासक्रमावर झालेला परिणाम असा की, अर्थशास्त्र हा शिडीचा विषय बनला. प्रथम मूलतत्त्वांचे दोन पाठ्यक्रम, अंशलक्षी आणि समग्रलक्षी, त्यांच्या बरोबर कलनशास्त्र, म्हणजे विद्यार्थी ज्यास कॅल्क्युलस म्हणतात ते, नंतर संख्याशास्त्र आणि मध्यम पातळीवरील सिद्धान्ताचे दोन पाठ्यक्रम, त्यानंतर अर्थमिती, आणि मग सार्वजनिक आयव्यय, आंतरराष्ट्रीय व्यापार, श्रम, विकास यांसारखे विशेष पाठ्यक्रम व प्रबंध. अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांत हा क्रम थोड्याफार फरकाने आढळतो. प्रत्येक पायरीला खालची पायरी पूर्वावश्यक असते.

आठ सत्रांच्या पदवीत या शिडीचा हिशेब मांडला म्हणजे पहिल्या वर्षाचे महत्त्व ध्यानी येते. ज्याने पहिल्या वर्षी मूलतत्त्वे व कलनशास्त्र पुरे केले तो दुसऱ्या वर्षी मध्यम सिद्धान्त व संख्याशास्त्र घेऊ शकतो, तिसऱ्या वर्षी अर्थमितीपर्यंत पोचतो आणि चौथे वर्ष विशेष अभ्यासास व प्रबंधास मोकळे राहते. ज्याने कलनशास्त्र तिसऱ्या वर्षावर ढकलले त्याचा मध्यम सिद्धान्तही मागे पडतो, अर्थमिती अखेरच्या सत्रात येते, आणि तिचा उपयोग करून काही लिहिण्यापूर्वीच पदवी संपते. दोन प्रधान विषय घेणाऱ्यास तर अशा विलंबाची भरपाई करण्यास जागाच उरत नाही. पदव्युत्तर अर्थशास्त्राकडे जाणाऱ्यास याहून पुढे बहुचलीय कलन, रेषीय बीजगणित आणि वास्तव विश्लेषण यांचीही अपेक्षा केली जाते. तीही मुळात पहिल्या वर्षाच्या गणितावरच उभी असते.

६. दोन शिड्या, अथवा एक शिडी आणि एक मैदान

सहविषयाची निवड करताना त्याची रचना कशी आहे हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते. गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र आणि परकीय भाषा हे अर्थशास्त्रासारखेच शिडीचे विषय आहेत. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांची रचना मैदानासारखी आहे. तेथे प्रवेश अनेक बाजूंनी होऊ शकतो, आणि वरच्या पातळीचे पाठ्यक्रम तिसऱ्या वर्षीही हाती घेता येतात. याचा अर्थ हे विषय सोपे आहेत असा नव्हे. त्यांतील कठीणपणा वाचन, पुरावा व लेखन यांच्या परिपक्वतेत असतो. पूर्वावश्यक पाठ्यक्रमांच्या साखळीत तो तितकासा नसतो.

यावरून पहिल्या दोन वर्षांसंबंधी एक साधा नियम निघतो. शिडीच्या विषयांना आरंभ आधी करावा. मैदानाच्या विषयांची ओळख ठेवावी आणि विस्तार पुढे करावा. अर्थशास्त्र व इतिहास अशी जोडी घेऊ इच्छिणाऱ्याने पहिल्या वर्षी मूलतत्त्वे, कलनशास्त्र आणि इतिहासाचा एखादा लेखनप्रधान पाठ्यक्रम घेतला तर दोन्ही वाटा खुल्या राहतात. अर्थशास्त्र व गणित अशी जोडी असेल तर कलन आणि रेषीय बीजगणित दोन्हींस उपयोगी पडतात. दोन शिड्यांच्या खालच्या पायऱ्या एकच असतात. परंतु एकच पाठ्यक्रम दोन्ही प्रधान विषयांच्या खाती किती प्रमाणात मोजावा यासंबंधीचे नियम संस्थेगणिक भिन्न असल्यामुळे ते पहिल्याच वर्षी वाचून घेणे श्रेयस्कर होय. अर्थशास्त्र व भौतिकशास्त्र किंवा अर्थशास्त्र व संगणकशास्त्र ही जोडी सर्वांत कष्टाची. गणिताच्या पायऱ्या त्यांतही समान असतात, पण वरच्या भागात दोन्ही शिड्या स्वतंत्रपणे उंच जातात.

या रचनेचा एक लाभ बहुधा दुर्लक्षिला जातो. दुसरा प्रधान विषय घेण्याचा बेत पुढे सोडून दिला, तरी पहिल्या दोन वर्षांत घेतलेले कलन, संख्याशास्त्र व लेखनाचे शिक्षण वाया जात नाही. उलट ज्याने दोन्ही विषयांचे वरवरचे पाठ्यक्रम जमवून केवळ नावापुरत्या दोन पदव्यांची बेरीज केली, त्याची स्थिती इलियट यांच्या काळातील विखुरलेल्या पदवीधराहून फारशी भिन्न नसते. दोन प्रधान विषय हे साधन आहे. ज्या प्रश्नाचा शोध घ्यावयाचा तो प्रश्न दोन्ही विषयांची मागणी करीत असेल तरच त्याचे सार्थक होते. असा प्रश्न नसल्यास एक प्रधान विषय, एक गौण विषय आणि एक चांगला प्रबंध यांची योजना अधिक फलदायी ठरण्याचा संभव आहे.

गणिताच्या बाजूने झुकलेल्या या व्यवस्थेवर खुद्द अर्थशास्त्रज्ञांनीही टीका केली आहे. अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेने अ‍ॅन क्रूगर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १९९१ साली पदव्युत्तर शिक्षणासंबंधी जो अहवाल दिला, त्यात तंत्रावरील प्रभुत्व आणि प्रत्यक्ष आर्थिक प्रश्नांची जाण यांतील अंतराविषयी चिंता व्यक्त केली होती. या चिंतेचे एक उत्तर सहविषयात आहे. शिडी चढण्याचे सामर्थ्य गणित देते. शिडी कोणत्या भिंतीला लावावी हे इतिहास, समाजशास्त्र वा राज्यशास्त्र सुचविते.

७. भारतीय विद्यार्थ्यापुढील प्रश्न

भारतात प्रदीर्घ काळ विषयांची जोडणी विद्यापीठ ठरवीत असे, आणि कला, विज्ञान व वाणिज्य या शाखांच्या भिंती उंच होत्या. कला शाखेतून अर्थशास्त्राकडे येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचा गणिताशी संबंध शालान्त परीक्षेनंतर तुटत असे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या भिंती शिथिल करण्याचा संकल्प केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या श्रेयांक आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीस १२० आणि चार वर्षांच्या पदवीस १६० श्रेयांक धरले आहेत. प्रधान विषयासाठी एकूण श्रेयांकांच्या किमान ५० टक्के आणि दुसऱ्या प्रधान विषयासाठी किमान ४० टक्के अशी मर्यादा आहे. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीत पहिल्या विषयाचे ६० आणि दुसऱ्याचे ४८ मिळून १०८ श्रेयांक होतात. केवळ १२ उरतात. भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण व अन्य विद्याशाखांतील पाठ्यक्रम यांचे श्रेयांक या १२ मध्ये मावणे कठीण आहे. अतएव दोन प्रधान विषयांची पदवी घेणाऱ्यास अधिक श्रेयांक मिळविण्याची तयारी ठेवावी लागेल, आणि ती तयारी पहिल्या सत्रापासूनच करावी लागेल.

येथे मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो. निवड जितकी लवकर करावी लागते, तितकी ती विद्यार्थ्याच्या विचारापेक्षा त्याच्या घरच्या माहितीवर अवलंबून राहते. ज्याच्या घरात महाविद्यालयाची वाट आधी कोणी तुडविली आहे, त्यास कलनशास्त्र पहिल्याच वर्षी घ्यावे हे सांगणारे कोणी तरी असते. ज्याच्या घरातील तो पहिलाच पदवीधर आहे, त्यास ही गोष्ट तिसऱ्या वर्षी, अर्थमितीच्या वर्गाच्या दाराशी कळते. त्याची बुद्धी कमी नसते. त्यास शिडीचा नकाशा मिळालेला नसतो. जुन्या सक्तीच्या अभ्यासक्रमात पुष्कळ दोष होते, परंतु हा अन्याय त्यात नव्हता.

यावर उपाय म्हणून जुनी सक्ती परत आणणे इष्ट नाही. अर्थशास्त्र विभागांना तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पूर्वावश्यक पाठ्यक्रमांचा संपूर्ण क्रम प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती, त्यास समजेल अशा भाषेत, दिला पाहिजे. गणित सोडून आलेल्यांसाठी पहिल्याच सत्रात सेतूस्वरूप पाठ्यक्रम असला पाहिजे, म्हणजे शालेय वयात घेतलेला एक निर्णय जन्मभराचा ठरणार नाही. आणि सहविषयाच्या विभागाशी बसून प्रत्येक प्रचलित जोडीसाठी सत्रवार नमुना आखून ठेवला पाहिजे. यांपैकी एकाही गोष्टीस मोठा खर्च लागत नाही. लागते ती एवढीच जाणीव की, विद्यार्थ्यास दिलेले निवडीचे स्वातंत्र्य हे त्यास दिलेल्या माहितीइतकेच खरे असते.

इलियट यांच्या हार्वर्डमध्ये स्वातंत्र्य चौथ्या वर्षाकडून पहिल्या वर्षापर्यंत उतरण्यास जवळजवळ पाव शतक लागले, आणि त्याची शिस्त बसविण्यास आणखी एक तप लोटले. भारतीय विद्यापीठांत हे स्वातंत्र्य एका धोरणाबरोबर एकदमच पहिल्या वर्षात आले आहे. त्यामुळे त्याची शिस्तही तितक्याच लवकर बसविणे प्राप्त आहे. कोलंबियातील तीन वर्षांत साठ पाठ्यक्रमांची जी रचना आंबेडकरांनी साधली, ती असामान्य बुद्धीची व अथक श्रमांची होती. सामान्य विद्यार्थ्याकडून ती अपेक्षा करता येत नाही. परंतु अर्थशास्त्राची खोली आणि सहविषयाचा विस्तार या दोहोंचा मेळ साधण्याची संधी त्यासही मिळावी, आणि ती पहिल्या वर्षीच्या अज्ञानामुळे हुकू नये, एवढी व्यवस्था करणे हे विभागांचे कर्तव्य होय.